चार कोटी अंकी मूळ संख्या आणि तिच्याबद्दलचा चुकीचा मजकूर

‘२^१३६२७९८४१ − १ (^ म्हणजे घात) ही सर्वांत मोठी मूळ संख्या आहे. संगणकानं तिला आधीच्या सगळ्या संख्यांनी भागून पाहिलं. २ च्या घातांकात मूळ संख्या टाकून १ वजा केला की उत्तर मूळच येतं. आता बँकांची सांकेतिक कुलुपं उघडतील,’ असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. संख्या खरी आहे, ती मूळ आहे हेही खरं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते जाहीर झालं आणि तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. बाकी सगळं तपासून घ्यायला हवं.

‘सर्वांत मोठी’ मूळ संख्या असूच शकत नाही; ग्रीक गणिती युक्लिडनं ते कधीच सिद्ध केलंय. ही तेव्हा माहीत असलेल्यांत मोठी. आधीचा विक्रम २^८२५८९९३३ − १ चा होता. कोणतीही संख्या आणि तिची दुप्पट यांच्या दरम्यान एक तरी मूळ संख्या असतेच. घातांक एकानं वाढला की संख्या दुप्पट होते, आणि या दोन विक्रमांच्या घातांकांत पाच कोटींहून जास्त फरक आहे; त्यामुळे त्यांच्या मधेच किमान पाच कोटी मूळ संख्या आहेत.

घातांक मूळ असणं आवश्यक आहे, पुरेसं नाही. ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

आता भागून पाहण्याचं. या संख्येचं वर्गमूळच दोन कोटींहून जास्त अंकांचं आहे. तिथपर्यंत भागत जाणं कोणत्याही यंत्राला जमणार नाही. खरी कसोटी ल्युकास आणि लेमर या गणितींची, आणि ती फार देखणी आहे. घातांक ५ घ्या, म्हणजे संख्या ३१. सुरुवात ४ पासून. दर वेळी वर्ग करा, २ वजा करा, ३१ नं भागून बाकी ठेवा: ४, १४, ८, ०. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांनंतर शून्य आलं, म्हणून ३१ मूळ. २०४७ साठी नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात, संयुक्त.

इथे पायऱ्या १३ कोटींवर, आणि प्रत्येकीत चार कोटी अंकी संख्येचा वर्ग. तो फूरिये रूपांतर या जलद गुणाकाराच्या रीतीनं, अपूर्णांकी आणि म्हणून किंचित अंदाजे आकड्यांत करतात. पूर्णांकात परतताना एक बिट (संगणकातला ० किंवा १) चुकला की पुढच्या सगळ्या बाक्या वाया जातात आणि खरी मूळ संख्या संयुक्त ठरून हातची जाते. म्हणून आधी फर्माच्या प्रमेयावरची, वाटेतच चुका पकडता येणारी चाचणी झाली, डब्लिनमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरवर. तिचा निकाल फक्त ‘बहुधा मूळ’. मग अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोतल्या दुसऱ्या प्रोसेसरवर ल्युकास-लेमर चालवून शून्य मिळालं, आणि वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी तेच पुन्हा पडताळलं.

कुलुपांचं म्हणाल तर आरएसए या सांकेतिक पद्धतीच्या २०४८ बिटांच्या किल्लीत साधारण ३०९ अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार असतो. त्या यादृच्छिक निवडतात आणि गुप्त ठेवतात. ही संख्या मिळाल्यानं तो गुणाकार फोडणं तसूभरही सोपं होत नाही. उलट, कुणी हीच किल्लीत घातली तर एका भागाकारात दुसरा अवयव हाती येईल.