उजेड दिसतोय

काल संध्याकाळी नाशिकरोडच्या जेलरोडला एका सत्काराला गेलो होतो. आमच्यातलेच, रेल्वेतले चौघे रिटायर झाले. शाल, श्रीफळ, बटाटेवडा, नेहमीचंच. प्रमुख पाहुणे म्हणून एक मोठे साहेब होते, नाव घेत नाही. साहेब माइकवर म्हणाले, "आज रेल्वेची सगळ्यात मोठी अडचण काय, तर स्किल्ड माणूस मिळत नाही. हल्लीच्या पोरांना हात काळे करायला नकोत." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. वडा गरम होता.

आज सकाळी पार्सलवाला आला. बायकोने काहीतरी मागवलेलं. मी खाली पार्किंगमध्ये गेलो तर पाण्याची मोटर चालू होती. ती गेले आठ दिवस आवाज करतेय. सेक्रेटरी म्हणतात, "जुनी झालीय, करणारच." पोरगा ओटीपी घ्यायचं विसरून मोटरकडे बघत उभा. वॉचमनकडून लांब स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला, टोक मोटरच्या मागच्या झाकणाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मग पुढच्या बाजूला तसंच. "काका, मागचं बेअरिंग गेलंय. आज-उद्या जाम होईल, मग आतलं तारेचं वाइंडिंगपण जळेल."

माझ्या अंगावर काटा आला. हे यूट्यूबवर बघून येत नाही हो. हे कुणीतरी शेजारी उभं राहून, डोक्यात टपली मारून शिकवावं लागतं.

"कुठं शिकलास?"
"रेल्वेत, काका. ॲप्रेंटिस होतो वर्षभर. वाइंडर ट्रेड, मोटरच्या कॉइल भरायचं काम."

आता माझं सांगतो. मी १९८४ ला ॲप्रेंटिस लागलो, फिटर. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी लोखंडाचा एक ठोकळा आणि एक कानस हातात दिली आणि म्हणाले, "गुण्यात बसव." गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं अवजार. बस. दीड महिना तेवढंच काम. घासायचं, गुण्या लावायचा, ठोकळा खिडकीकडे धरायचा. गुण्या आणि लोखंडाच्या फटीतून केसाएवढा जरी प्रकाश आला तरी मिस्त्री म्हणायचे, "उजेड दिसतोय, बारक्या," आणि पुढे निघून जायचे. शिवी नाही, समजावणं नाही. उजेड दिसतोय. परत घास. बोटांना फोड आले, ते फुटले, परत आले. मी एकदा रडलोसुद्धा, नाशिकरोड स्टेशनच्या पुलावर, घरी जाताना. दीड महिन्यांनी एका दुपारी मिस्त्रींनी ठोकळा खिडकीकडे धरला आणि काहीच बोलले नाहीत. खिशात टाकून घेऊन गेले. मला वाटलं फेकून देणार. नंतर कळलं, सगळ्या सेक्शनला दाखवत फिरले होते.

त्या दीड महिन्यात माझ्याकडून रेल्वेला एक नट घट्ट करण्याचाही फायदा झाला नसेल. पण पुढे इगतपुरीला घाटात बँकर, म्हणजे गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं लागायची, त्या जुन्या डीसी इंजिनांच्या मोटरीला पांढऱ्या धातूची बेअरिंगं असायची. ती हाताने खरवडून, निळा रंग लावून, कुठे टेकतंय कुठे नाही ते बघून बसवावी लागायची. तेव्हा तो ठोकळा कामाला आला. कसाऱ्याहून इगतपुरीकडे येतानाचा हा चढ १ ला ३७ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. मागून इंजिनं ढकलतात तेव्हा तुम्ही पंचवटी एक्स्प्रेसमध्ये चहा पीत बसता ना, त्या चहामागे कुणाच्या तरी बोटांचे फोड आहेत.

असो. पोराकडे येतो.

आयटीआय केलं, मग रेल्वेच्या एका कारखान्यात ॲप्रेंटिस. महिना ७,००० स्टायपेंड. पहिले चार महिने साहेबाच्या टेबलाशेजारी. रजिस्टर लिही, झेरॉक्स काढून आण. मग एका वाइंडर मिस्त्रींनी मागून घेतला. हा स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावायचा प्रकार त्यांचाच. सहा महिने त्यांच्या हाताखाली कॉइल भरली, पोरगा सांगताना खुलला होता. "काका, मिस्त्री डोळे मिटून इन्सुलेशनची जाडी सांगायचे." मग मिस्त्री रिटायर झाले.

"त्यांच्या जागी कोण आलं?"
"कुणीच नाही. जागा भरलीच नाही. काम बाहेर दिलं."

आणि बाहेरच्या कंत्राटदाराकडे हा गेला तेव्हा कंत्राटदाराला पाच वर्षांचा अनुभव लागत होता. आता सांगा. मिस्त्री घरी, पोरगा पार्सल वाटतोय, आणि साहेब माइकवर विचारतोय माणूस कुठंय. अरे, माणूस माझ्या पार्किंगमध्ये उभा आहे, माझ्याकडे ओटीपी मागतोय!

हो, कायदा मला माहीत आहे, कमेंटमध्ये येऊन शिकवू नका. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे आणि शिकवलं म्हणून नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन त्यात नाही. मान्य. पण मग शिकवता कशाला? पंगत वाढायची आणि पोरं बसली की पत्रावळी उचलून न्यायची.

२० मार्च २०१८ आठवतंय? माटुंगा-दादरच्या मध्ये ॲप्रेंटिस पोरं रुळावर बसली होती. मी त्या दिवशी मुंबईला निघालो होतो, गाडी लटकली. डब्यात सगळ्यात जास्त शिव्या मी घातल्या. मी! ज्याने स्वतः ॲप्रेंटिसशिप करून चाळीस वर्षांचा संसार केला. शेजारचा माणूस म्हणाला, "तुम्ही रेल्वेतलेच ना?" मी खिडकीबाहेर बघितलं. ते आज का आठवतंय ते मला माहीत आहे. त्या पोरांचं म्हणणं एवढंच होतं की खालच्या भरतीत आमच्यासाठी २० टक्के जागा ठेवता, त्यातही परत सगळ्यांसारखी परीक्षा, ते नको, सरळ घ्या.

सरळ घ्या हे मला आजही शंभर टक्के पटत नाही. परीक्षा असावी. पण परीक्षा कसली? त्या पोराला स्क्रू-ड्रायव्हर द्या आणि मोटरपुढे उभं करा, ती परीक्षा. तुम्ही त्याला विचारता अमुक देशाची राजधानी कोणती आणि नळ टाकी किती वेळात भरतो. नळ टाकी भरत नाही साहेब, मोटर भरते, आणि तिचं बेअरिंग गेलंय!

आणि ती परीक्षा तरी कधी? ग्रुप डी ची, म्हणजे त्याच खालच्या भरतीची जाहिरात २०१९ ला आली, १,०३,७६९ जागांची, आणि परीक्षा झाली २०२२ ला. त्यानंतरची जाहिरात थेट २०२५ च्या जानेवारीत, ३२,४३८ जागांची. आमचा हा पोरगा २०२२ ला शिकून बाहेर पडला, म्हणजे बरोबर मधल्या खड्ड्यात. एवढ्या वर्षांत हात विसरतो हो. मी महिनाभर रजेवरून आलो तरी पहिले दोन दिवस कानस वाकडी जायची. असिस्टंट लोको पायलटची, म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या जोडीदाराची तर गंमतच. २०२४ च्या जानेवारीत ५,६९६ जागा काढल्या आणि जूनमध्ये त्याच १८,७९९ केल्या. पाच महिन्यांत तिप्पट! तेरा हजार माणसं कमी आहेत हे जानेवारीत कुणाला दिसलं नव्हतं? इथे आमच्या मिस्त्रींना केसाएवढी फट दिसायची. पोराने तिकडे अर्जच केला नाही, कारण चष्मा आहे. ते मात्र बरोबर आहे, इंजिनावर नजर लागते.

सगळी पोरं अशी असतात असंही नाही, हेही लिहितो, नाहीतर ज्यांनी माझ्याबरोबर काम केलंय ते हसतील. शेवटच्या चार-पाच वर्षांत माझ्याकडे आलेल्यांपैकी निम्मे फक्त सर्टिफिकेटसाठी यायचे. हजेरी लावली की मोबाइल. एकाला मी ठोकळा दिला तर त्याने दुसऱ्या दिवशी ग्राइंडरवर गुळगुळीत करून आणला. गुण्या लावला तर फटीतून नुसता उजेडच उजेड. त्याला म्हटलं, सूर्य उगवलाय बघ.

पण एक पोरगी आली होती सिन्नरकडची. आमच्या काळी बाई वर्कशॉपमध्ये फक्त देवीच्या फोटोत. ही आली, मी मनात म्हटलं, चला, हिला रजिस्टरला बसवा. (हो, मीच म्हटलं. साहेब एकटेच दोषी नाहीत.) तिने स्वतःच ठोकळा मागितला. बत्तीस दिवसांत बसवला. माझ्यापेक्षा बारा-तेरा दिवस आधी. मी खिडकीकडे धरला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग लक्षात आलं, मिस्त्री त्या दुपारी गप्प का झाले होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो त्यांचा कडकपणा.

तो ठोकळा मीही खिशात टाकला. घरी शोकेसमध्ये आहे, बायको त्याला "तुमचा शाळिग्राम" म्हणते.

आता एवढं लिहिल्यावर राग थोडा उतरलाय. तरी एक विचारतोच. मिस्त्रीला रिटायर करायच्या दोन वर्षं आधी त्याच्या शेजारी एक पोरगा उभा करायला किती पैसे लागतात? दोघांचा पगार दोन वर्षं, बस. नवीन मशीनला कोट्यवधी निघतात, त्याला माझी ना नाही. पण मशीन आजारी पडली की तिच्या पोटाला कान कोण लावणार? मलाही जूनमध्ये सोडलं तेव्हा माझ्या शेजारी कुणी नव्हतं. किल्ल्या स्टोअरमध्ये जमा करायला सांगितल्या. मी ज्या कपाटाच्या किल्ल्या दिल्या त्यात काय आहे हे सांगायचं कुणाला, म्हणून शेवटी कागदावर लिहून कपाटालाच चिकटवलं.

पोराचा नंबर घेतलाय. रविवारी त्याला सुट्टी असते, येतो म्हणालाय. बेअरिंग ओढून काढायचा पुलर मागत होता. माझा आहे, गंजलाय, आत्ताच रॉकेल लावून ठेवला. सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणतात, "रेल्वेवाल्याकडून नको, कंपनीचा माणूस बोलवू." कंपनीचा माणूस बुधवारी येणार आणि नवी मोटरच घ्या म्हणणार. मी सेक्रेटरींना काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही, ग्रुपवर आमच्या बिल्डिंगच्या बायका आहेत.

रविवारी अकरा ते एक पाणी बंद राहील. बादल्या भरून ठेवा.