१७०० पर्यंत ओपनिंग नको म्हणे!

मुंबईतल्या बुद्धिबळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय (ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या अभ्यासलेल्या मूव्ह, टॅक्टिक्स म्हणजे सोंगट्या जिंकायच्या छोट्या युक्त्यांची कोडी, पुस्तक म्हणजे त्या पाठ केलेल्या मूव्ह): "रेटिंग १७०० होईपर्यंत ओपनिंगला हात लावू नका, टॅक्टिक्स सोडवा. घोकून काय उपयोग, समोरचा चौथ्या मूव्हलाच पुस्तक सोडतो. अगदीच वाटलं तर लंडन सिस्टीम घ्या. समोरचा काहीही खेळो, आपल्या सात मूव्ह ठरलेल्या." दादर-पार्ल्याच्या रविवारच्या रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या स्पर्धांत, हे ब्रह्मवाक्य मानणारे बरेच भेटतात.

आधी तो आकडा, म्हणजे रेटिंग: खेळाडूची ताकद मोजणारे गुण. मार्च २०२४ मध्ये फिडेने (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने) २००० च्या खालची स्टँडर्ड, म्हणजे लांब डावांची, रेटिंग्ज सरसकट वर सरकवली. आदल्या दिवशी १५०० असलेला खेळाडू १७०० झाला. मग काय, एका रात्रीत त्याला ओपनिंग झेपायला लागलं?

आता "काहीही खेळो". लंडनमध्ये पांढरा आधी प्यादं डी४ वर, मग उंट एफ४ वर ठेवतो (अक्षर-आकडा म्हणजे पटावरचं घर; नुसतं घर लिहिलं की प्याद्याची मूव्ह). आपल्या डी४ ला काळ्याने ई५ केलं आणि आपण सवयीने उंट एफ४ वर ठेवला, तर ई५ चं प्यादं तो फुकटात खातं. ब्लिट्झमध्ये (काही मिनिटांच्या डावांत) समोरच्याच्या आधीच आपली मूव्ह लावून ठेवणाऱ्यांनी, म्हणजे प्रीमूव्हवाल्यांनी, हे सोसलेलं असतं. बरं, हे टोकाचं म्हणून सोडा. डी४ डी५, उंट एफ४ सी५, ई३ वजीर बी६ ही तर रोजची लाइन, म्हणजे मूव्हचा ठरलेला क्रम. उंटाने सी१ सोडलं की बी२ चं प्यादं उघडं पडतं, आणि वजीर नेमका त्यावरच येतो. ठरलेल्या सात मूव्हमध्ये सी३ वर प्यादं असतं. इथे मात्र तिथे घोडा आणणं जास्त जोरदार. डी५ वर मारा येतो, आणि वजिराने बी२ खाल्लं तर घोडा बी५ वर जाऊन सी७ वरून शह द्यायची धमकी देतो. लंडन वाईट नाही हो. २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनने सहावा डाव लंडननेच जिंकला. पण काळा काय करतोय ते बघत बघत.

समोरचा पुस्तक सोडतो हे खरंय. म्हणूनच लाइन थोड्या ठेवायच्या आणि प्याद्यांचा सांगाडा ओळखीचा ठेवायचा. काळ्याकडून ई४ ला कारो-कान, डी४ ला स्लाव्ह ही ओपनिंग घ्या. दोन्हीकडे सी६-डी५. फरक समजून घ्यायचा तो पांढऱ्या घरांवरच्या उंटाचा. कारो-कानमध्ये पांढऱ्याने ई५ ढकललं की उंट लगेच एफ५ वर. स्लाव्हमध्ये घोडे बाहेर आल्यावर तीच घाई केली, तर पांढरा डी५ वर मारामारी करून वजीर बी३ वर आणतो आणि बी७ लटकतं. राखणारा उंट तर बाहेर गेलेला. तिथे आधी पांढऱ्याचं सी४ चं प्यादं मारायचं, पांढऱ्याने ए४ केलं की मग उंट काढायचा. यात घोकण्यासारखं फार काही नाही.

टॅक्टिक्सबद्दल वादच नाही, निम्म्याहून जास्त वेळ तिथेच द्या. उरलेल्यासाठी घरी जातानाची लोकल पुरते. आठवेल तेवढा डाव फोनमध्ये घाला, आपल्या माहितीबाहेरची पहिली मूव्ह शोधा आणि तेवढीच लाइन एका उत्तराने वाढवा.