‘नाव-शब्द जोड्या पाठ करा, पेपर सुटला’ : या सल्ल्याला उत्तर

कोल्हापुरात मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं : समुपदेशनाचे सिद्धांत समजून घेत बसू नका, प्रत्येक नावापुढे एक शब्द लिहून पाठ करा. विचारांवर काम करणाऱ्या दोन उपचारपद्धतींचे जनक एलिस आणि बेक एकच. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा. मास्लो आणि क्युबलर-रॉस म्हणजे पायऱ्या. नीतिनियमांना कॉमन सेन्स पुरतो. पुढे अमेरिकेत शिकून तिथली एनसीई (नॅशनल कौन्सेलर एक्झामिनेशन) ही समुपदेशकांची परवाना परीक्षा द्यायचा विचार असणारे हा मेसेज वाचतात, आणि इथेच काम करू पाहणारेही. मी एकेक मुद्दा घेते, कारण हा सल्ला मानणाऱ्याचे मार्क जातीलच, पण त्याहून मोठं नुकसान उद्या त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसाचं होईल.

आधी जोड्या. ‘रॉजर्स – समानुभूती’ (समोरच्याच्या जागी जाऊन त्याला समजून घेणं) ही जोडी चूक नाही, अपुरी आहे. 1957च्या लेखात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी बदलासाठी सहा अटी मांडल्या. त्यातल्या तीन समुपदेशकाकडच्या : सच्चेपणा, बिनशर्त स्वीकार आणि समानुभूती. जोड्या पाठ करणाऱ्यांकडून हमखास सुटते ती सहावी : हा स्वीकार आणि ही समानुभूती समोरच्यापर्यंत थोडी तरी पोचली पाहिजे. मनातल्या मनात कळवळून काही होत नाही. एनसीईत 200 बहुपर्यायी प्रश्न असतात आणि प्रसंग देऊन ‘आता समुपदेशक काय म्हणेल?’ असं विचारलं की पाठ केलेला शब्द तिथं कामाला येत नाही.

एलिस आणि बेक एकच, हा मला सगळ्यात घातक मुद्दा वाटतो. दोघांचाही भर विचारांवर, हे खरं. पण समजा, गंगावेशीतल्या तालमीतला एक पोरगा येऊन म्हणाला, “चितपट झालो. आता तालमीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही.”

बेकच्या पद्धतीने काम करणारा त्याच्या बरोबरीने पुरावा तपासायला बसेल : “असं कशावरून वाटतं? मागं दुसरा कोणी हरला तेव्हा वस्ताद त्याच्याशी कसं वागले होते? उद्या जाऊन बघ आणि काय घडलं ते लिहून आण.” एलिसचा माणूस पुरावा शोधत थांबणार नाही. तो म्हणेल, “समजा, उद्या खरंच सगळे हसले. वाईट वाटेल. पण आपण कधी हरताच कामा नये, हा नियम कुणी केला?” पहिला अंदाज खरा की खोटा ते बघतो, दुसरा थेट त्यामागच्या हट्टाला हात घालतो. याच पोराला रॉजर्सच्या वाटेचा समुपदेशक म्हणेल, “एवढ्या लोकांसमोर हरणं तुला फार लागलंय, तिथं पाय ठेवायचीही लाज वाटतेय.” आणि ग्लासरची वास्तव उपचारपद्धती वापरणारा विचारेल, “तुला हवंय काय? त्यासाठी सध्या करतोयस काय? त्यानं ते मिळतंय का?” उजळणी करायची तर अशी करा. प्रसंग एक घ्या आणि प्रत्येक सिद्धांताकडून पुढचं एक वाक्य वहीत लिहा. जिथं वाक्य सुचत नाही, तिथं तो सिद्धांत अजून कळलेला नाही.

ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे. प्रबलन धन (हवंसं काही मिळणं) असो वा ऋण (नकोसं काही थांबणं), त्यानं वागणं वाढतं. शिक्षेनं कमी होतं. महाद्वार रोडवर खेळण्याच्या गाडीपुढे पोर भोकाड पसरतं, आई वैतागून खेळणं घेऊन देते, पोर गप्प होतं. पोराला रडून खेळणं मिळालं, हे धन प्रबलन. आईचा त्रास थांबला, हे ऋण प्रबलन. पुढच्या वेळी पोर लवकर रडेल आणि आई लवकर पैसे काढेल. पालकांबरोबर काम करताना ही दुसरी बाजू दिसली नाही, तर आपण आईला नुसतं ‘लाड करू नका’ सांगून परत पाठवतो.

पायऱ्यांचं थोडक्यात. माणसाच्या गरजांची उतरंड मांडणाऱ्या मास्लो यांच्या 1943च्या लेखात पिरॅमिडचं चित्रच नाही, आणि खालची गरज शंभर टक्के भागल्यावरच वरची जागी होते असं समजू नये, हे त्यांनी तिथंच लिहिलंय. 2019च्या महापुरात स्वतःचं घर पाण्यात असताना दुसऱ्याच्या मदतीला धावलेली माणसं आपण पाहिली आहेत. मृत्यूला सामोरं जाण्याच्या, क्युबलर-रॉस यांनी 1969मध्ये मांडलेल्या पाच अवस्था मरणासन्न रुग्णांशी बोलून आलेल्या होत्या. प्रत्येक दुःखी माणूस त्या क्रमानं चढत जाईलच असं नाही.

राहिला कॉमन सेन्स. अमेरिकेतल्या परीक्षेसाठी टॅरासॉफ खटला माहीत हवा. क्लायंटकडून कुणाच्या जिवाला गंभीर धोका असेल, तर त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी पावलं उचलणं उपचारकाचं कर्तव्य आहे, असं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं 1976 साली ठरवलं. आपल्याकडे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा, 2012 आहे. सोळा वर्षांची मुलगी “कुणाला सांगणार नाही ना?” म्हणून लैंगिक अत्याचाराबद्दल सांगते, तेव्हा कॉमन सेन्स म्हणतो, शब्द पाळ. कलम 19 म्हणतं, पोलिसांना कळव. न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे. म्हणून गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच भेटीत, तिनं काही सांगायच्या आधी, तिला समजेल अशा भाषेत सांगाव्या लागतात.