साक्ष देण्याची सोपी रीत

तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या, म्हणजे आपल्या जगण्यातून श्रद्धेची साक्ष द्या, असं प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगून ठेवलंय. बायबलातल्या मत्तयचा पाचवा अध्याय. सहाव्यात तोच प्रभू म्हणतो की दान गुपचूप करा, प्रार्थना खोलीचं दार लावून करा. पण तुमच्यासारख्या वसईहून रोज मुंबई गाठणाऱ्या माणसाला एका दमात दोन अध्याय वाचायला सवड कुठे? पाचव्यावर थांबा.

सुरुवातीला राखेचा बुधवार बरा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, गाठा. त्या दिवशी वेदीवरून नेमकं ते सहाव्यातलंच शुभवर्तमान वाचतात: उपास कराल तेव्हा तोंड पाडून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. ते श्रद्धेने ऐका, कपाळावर राखेचा क्रूस घ्या आणि तसेच चर्चगेट लोकलमध्ये चढा. तोंड मात्र धुवायचं नाही. घाम आलाच तर रुमाल भुवयांच्या खालून फिरवा. ऑफिसात कुणी विचारलं, "कपाळाला काय लागलंय?" की तुमची साक्ष सुरू. कुणीच विचारलं नाही, तर जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता टेबलावर ठेवून द्या. अर्ध्या तासात कुणीतरी विचारतंच.

पुढे चाळीस दिवस त्यागाचे. शुक्रवारी मांस वर्ज्य. मासळी मात्र चालते, ही चर्चची कृपा. त्यामुळे चिकन सोडून भरल्या पापलेटवर दिवस काढायची पाळी येते. हे कष्ट शेजारच्या टेबलावरच्या माणसाला जरूर ऐकवा, त्यातून तो चातुर्मासभर कांदा-लसूण न खाणारा असला तर आवर्जून.

दानाचं जरा नीट समजून घ्या, कारण इथे पुष्कळ जण चुकतात. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असं वचन आहे. तेव्हा डाव्या हातात मोबाईल द्या म्हणजे तो गुंतून राहील. नाताळच्या आठवड्यात तलासरी-जव्हारकडच्या एखाद्या पाड्यावर ब्लँकेटं न्या. एका ब्लँकेटला चार जणांचे हात लागले पाहिजेत, आणि पाचवा हात घेणाऱ्या म्हातारीचा. तिने फोटोत कॅमेऱ्याकडे बघावं, ब्लँकेटकडे नको. तुमच्या स्वतःच्या वाडीत फुलं खुडायला येणाऱ्या वारली बाईची दोन आठवड्यांची मजुरी थकली असेल, तर ती नाताळ उरकल्यावर बघू. घरच्या घरी दिलेले पैसे कुणाला दिसतात?

आता जमिनीकडे वळू. आजोबांनी राखलेलं बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, तुमच्या वाट्याला आलं असेलच. विहिरींना गोडं पाणी त्याच्यामुळे राहायचं, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि बिल्डरलाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले होते. 2020 साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचे फोटो आपण किती अभिमानाने फिरवले! ते फोटो जपून ठेवा आणि बावखल बुजवा. वर उभ्या राहणाऱ्या इमारतीला एखाद्या संताचं नाव द्यायचा आग्रह मात्र सोडू नका. पुढे उन्हाळ्यात टँकरवाला पत्ता विचारेल तेव्हा दिवसातून दोनदा संताचं नाव त्याच्या तोंडी येईल. अशी सुवार्ता घराघरात पोचते.

मुलांच्या लग्नात तर साक्षीला मोठा वाव आहे. रविवारी सगळे एकाच वेदीपुढे रांग लावून एकच भाकर घेतात, हे बाहेरच्यांना कौतुकाने सांगा. मुलीने मिस्सेतच ओळख झालेल्या मुलाचं नाव घेतलं की मग त्याचं घराणं विचारा. ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, असं संत पौलाने गलतीकरांना लिहिलं, ते खरंच आहे. आपल्या वसईच्या ख्रिस्ती जातींबद्दल, म्हणजे सामवेदी नाही, वाडवळ नाही, असं त्याने कुठेही लिहिलेलं नाही. मुलगा वारली पाड्यावरचा निघाला तर वचनांच्या भानगडीत पडू नका, सरळ बीपी वाढवून घ्या.

डोळ्यांपुढे आदर्श ठेवायला हवा, पण तो निवडताना सांभाळा. पंडिता रमाबाईंची तसबीर भिंतीवर शोभते. त्यांचं अनुकरण मात्र अंगाशी येईल: 1897 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली गोळा करून केडगावला घेऊन आल्या. बरोबर फोटोग्राफर नेल्याचं कुठे वाचनात नाही. रेव्हरंड टिळकांचे अभंग गायला गोड, तेव्हा गा; पण ते 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून मोकळे झाले आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही आपल्या 'देवाचा दरबार' नावाच्या मंडळीत बसवू लागले, हा भाग मुलांना सांगायची घाई नको. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया तर 1597 मध्ये नागासाकीत क्रूसावर गेला. त्याच्या सणाला आपण पहिल्या बाकावर बसतो, तेवढं पुरे. पहिला बाक मिळवायचा तर अर्धा तास आधी जावं लागतं, हाही त्यागच.

लवकर निघूनही चर्चच्या आवारात गाडीला जागा मिळणार नाही. समोरच्या जोशीकाकांच्या फाटकासमोर लावा. देवाच्या घरी चाललोय, कुणाच्या बारशाला नाही. आत प्रवचन ऐन रंगात आलं असताना बाहेर हॉर्न वाजू लागेल. उठू नका, त्यांना मनातल्या मनात क्षमा करा. बाहेर याल तेव्हा काका फाटकाशीच उभे असतील, शेजारी रिक्षात काकू, आणि काकूंची डॉक्टरची वेळ टळून गेलेली. ते तोंड उघडायच्या आत हसून "देव तुमचं भलं करो" म्हणा आणि काच वर करा.