सातव्या वर्षाआधी ‘एलिट’ अकादमी? हे ठरवलं कोणी?

‘मूल सात वर्षांचं व्हायच्या आत एलिट फुटबॉल अकादमीत गेलं नाही, तर पुढचं विसरा’ असा लांबलचक मेसेज सध्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. सहा मुद्दे, मध्ये मेसीचा फोटो, शेवटी ‘जागा मर्यादित’ आणि फोन नंबर. एरवी अशा मेसेजच्या नादी लागू नये. पण तो माझ्या धाकट्या भावापर्यंत पोचला आणि पहिलीतल्या पोरासाठी वर्षाची फी एकरकमी भरायला तो निघालाय. तेव्हा एकदा लिहूनच टाकतो.

‘मेसी सहाव्या वर्षी अकादमीत होता.’ होता की. पण कुठे? रोसारियोत, स्वतःच्या गावात. आधी वस्तीतला ग्रँडोली क्लब, मग न्यूवेल्स ओल्ड बॉइज. राहायला घरीच. बार्सिलोनाला गेला २००० साली, तेराव्या वर्षी, आणि त्यामागे वाढीच्या हार्मोनच्या उपचारांचा खर्च हे मोठं कारण होतं. रोनाल्डो मदेइरा सोडून लिस्बनला गेला तो बाराव्या वर्षी. मेसेजला गैरसोयीची नावं अर्थातच त्यात नाहीत. इंग्लंडच्या जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडे क्लबने सोळाव्या वर्षी काढून टाकलं होतं. २०१६ मध्ये त्याने लेस्टरकडून प्रीमियर लीग जिंकली. आपला सुनील छेत्री २००१ मध्ये दिल्लीच्या सिटी क्लबकडून खेळायला लागला, २००२ मध्ये मोहन बागानने घेतला तेव्हा सतरा वर्षांचा होता.

‘दहा हजार तासांचा नियम. म्हणून सहाव्या वर्षापासून फक्त फुटबॉल, बाकी खेळ बंद.’ म्हणजे अव्वल व्हायला दहा हजार तास सराव लागतो म्हणे. आधी हिशोब करू. सहा ते अठरा म्हणजे बारा वर्षं. दहा हजार भागिले बारा, वर्षाला ८३३ तास, म्हणजे एकही आठवडा न चुकवता आठवड्याला सोळा तास. पहिलीतल्या मुलाला! मुळात हा आकडा १९९३ च्या एका अभ्यासातली बर्लिनच्या सर्वोत्तम व्हायोलिन विद्यार्थ्यांची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी आहे. तो काही उंबरठा नव्हता, आणि फुटबॉलचा तर नव्हताच.

फुटबॉलचा आकडा हवा असेल तर तोही आहे. २०१६ मध्ये हॉर्निग, आउस्ट आणि ग्युलिख यांनी जर्मनीच्या बुंडेसलीगातले, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीतले, ५२ व्यावसायिक खेळाडू, त्यांतले १८ राष्ट्रीय संघातले, आणि चौथ्या ते सहाव्या श्रेणीतले ५० हौशी खेळाडू यांची तुलना केली. बुंडेसलीगात पदार्पण करेपर्यंत त्या व्यावसायिकांचा आयोजित सराव भरला सरासरी ४,२६४ तास, तोही सुमारे सोळा वर्षांत. आठवड्याला पाच तासांच्या आसपास. राष्ट्रीय संघापर्यंत पोचायला ४,५३२. आणि राष्ट्रीय संघातले खेळाडू हौशींपेक्षा वेगळे कशात होते? लहानपणी कोच नसताना, आपापसात खेळलेला फुटबॉल जास्त. किशोरवयात दुसरे खेळ जास्त. ‘फक्त फुटबॉल’ हा निर्णय उशिरा. मेसेजच्या नेमकं उलट. हा एकच अभ्यास नीट वाचला तरी सहापैकी तीन मुद्दे तिथेच संपतात.

सगळ्यात संतापजनक मुद्दा पाचवा. ‘टाच, गुडघा दुखणं नॉर्मल आहे. वाढत्या वयात दुखतंच. सराव थांबवू नका.’ हे ज्याने लिहिलं त्याला मुलांच्या आसपास फिरकू देऊ नये.

साधारण आठ ते तेरा वर्षांच्या मुलाच्या टाचेचा मागचा भाग अजून सलग हाड झालेला नसतो. मध्ये कूर्चेचा वाढीचा थर असतो. प्रत्येक पावलाला पोटरीचा स्नायू तो भाग वर ओढतो. आठवड्याचे सहा दिवस हेच चाललं की ती जागा दुखावते. डॉक्टर याला सेव्हर्स म्हणतात. ओळखणं सोपं आहे: सराव संपल्यावर मूल चवड्यांवर चालतं, आणि टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली की पाय ओढून घेतं. गुडघ्याचा असाच प्रकार म्हणजे ऑसगुड-श्लाटर. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखरं टेंगूळ येतं, बहुतेक वेळा उंची झपाट्याने वाढत असताना. दोन्ही बरे होतात, पण भार कमी केला तर. ‘सहन कर’ म्हणून खेळवत राहिलं की आठवड्यांचं दुखणं महिन्यांवर जातं.

त्यात आपल्या शहरांतली भाड्याची टर्फं. अनेक ठिकाणी कृत्रिम गवताच्या पातळ थराखाली थेट काँक्रीट असतं. त्यावर पोरं लांब स्टडचे बूट घालून पळतात. ते स्टड गवत-मातीत रुतण्यासाठी बनवलेले असतात; टर्फवर रुतत नाहीत आणि दणका टाचेला बसतो. टर्फसाठी तळाला बारीक रबरी दाणे असलेले बूट मिळतात, दुकानात ‘टीएफ’ म्हणून मागायचे. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा.

दुसरं, उंचीची नोंद ठेवा. दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी, भिंतीला टाचा लावून. एरवी मूल वर्षाला पाच-सहा सेंमी वाढतं. तीन महिन्यांतच दोन सेंमीच्या आसपास वाढ दिसली, तर झपाट्याची वाढ सुरू झाली असं धरा. मुलग्यांत ती साधारण तेरा-चौदाला शिगेला पोचते, मुलींत अकरा-बाराला. त्या काळात पाय अचानक लांब होतात, तोल बिघडतो, कालपर्यंत सहज थांबणारा बॉल दोन हात लांब उडतो. कोच म्हणतो ‘खेळ गेला याचा’. गेलेला नसतो. तेवढे महिने उड्या, स्प्रिंट आणि लांब फटके कमी करायचे. पासिंग, पहिला टच, लहान जागेतला खेळ चालू ठेवायचा. जी अकादमी नेमक्या याच काळात मुलांना गाळते, तिला मुलांची वाढ कशाशी खातात हे माहीत नाही.

तासांचा ठोकताळाही सोपा आहे. आठवड्यातले आयोजित सराव-सामन्यांचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत. सात वर्षांचा असेल तर सात, आणि तेही कमालच. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळापर्यंत लांबवा असं सांगते.

‘ट्रायलमध्ये निवड झाली म्हणजे टॅलेंट, नाही झाली तर दुसरा छंद शोधा.’ आपल्याकडे वयोगट १ जानेवारीला कापला जातो. जानेवारीतला आणि डिसेंबरातला, दोघे एकाच गटात. आठव्या वर्षी हे अंतर जवळजवळ आयुष्याच्या आठव्या हिश्श्याएवढं होतं. मग ट्रायलमध्ये निवडला जातो तो आधी जन्मलेला. इंग्लंडमध्ये वर्ष १ सप्टेंबरला कापतात. इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केन याचा जन्म २८ जुलैचा, म्हणजे आपल्या तुकडीत जवळजवळ शेंडेफळ. आर्सेनलने त्याला आठव्या-नवव्या वर्षी सोडून दिलं. वयचोरीबद्दल तर बोलायलाच नको. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात फिफाला २००९ पासून खरं वय तपासायला मनगटाचा एमआरआय करावा लागतो, यावरून काय ते समजा. तेरा वर्षांखालच्या ट्रायलला मिशा फुटलेला ‘बारा वर्षांचा’ स्टॉपर (मधला बचावपटू) दिसला की किंमत मोजतो खऱ्या वयाचा डिसेंबरातला पोरगा. अकादमीत गेलात तर तुकडीतल्या मुलांचे जन्ममहिने विचारा. वीसपैकी दहा जानेवारी ते मार्चमधले निघाले, तर तिथे उंची निवडतात, खेळ नाही.

‘युरोपियन क्लबचे स्काउट येतात, दहाव्या वर्षी स्पेनला.’ हे निव्वळ खोटं. फिफाच्या नियमांतलं कलम १९ सांगतं की अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणी होत नाही. अपवाद मोजके: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले, युरोपीय संघाच्या आतल्या आत सोळा ते अठरा, सीमेलगतची पन्नास किलोमीटरची सवलत, असे. हे नियम मोडले म्हणून फिफाने २०१४ मध्ये खुद्द बार्सिलोनावर नव्या खेळाडूंच्या नोंदणीची बंदी घातली आणि २०१६ मध्ये रिआल आणि अ‍ॅटलेटिको माद्रिदवर. जिथे त्यांची ही गत, तिथे तुमच्या पोराला कोण नेणार? नोकरीनिमित्त म्युनिक किंवा लंडनला गेलेल्या मराठी कुटुंबातलं मूल तिथल्या क्लबात नोंदवता येतं, कारण ते पहिल्या अपवादात बसतं. पण मुंबई-पुण्यात युरोपियन क्लबच्या नावाने चालणारी फीवाली शाळा ही त्या क्लबची खरी अकादमी नव्हे. जर्सी तीच, दार वेगळं.

मुलींना भविष्य नाही, हा सहावा मुद्दा उत्तराच्या लायकीचा नाही.

आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल. बॉल पायाशी लवकर यायला हवा, हे खरं आहे, आणि आठ ते बारा या वयात पायाचं कसब भराभर बसतं हेही खरं. जर्मन अभ्यासातही लहानपणी जास्त फुटबॉल होताच. फक्त तो गल्लीतला होता, शिट्टीविना. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात, त्या फुटबॉलची मुळं पेठांत आहेत, फीच्या पावतीत नाहीत.

मग एलिट कार्यक्रम कधी? साधारण बारा ते चौदा, आणि तेही मूल स्वतः मागे लागलं तर. बाप बॅग खांद्याला लावून पुढे आणि पोरगं रेंगाळत मागे, असं असेल तर अजून थांबा. तोवर आठपर्यंत तीन नंबरचा बॉल, तीन-तीन किंवा पाच-पाचचे सामने, आठवड्यात दोन दिवस तासभर. नऊ ते बारा चार नंबरचा बॉल, सात-सातचे सामने, दोन-तीन दिवस. सोबत खो-खो, लंगडी, पोहणं, काहीही. खो-खोतली अचानक दिशा बदलण्याची सवय पुढे बचावपटूला चकवताना उपयोगी पडते. पाच नंबरचा बॉल बारानंतर. सात वर्षांच्या पोराला मोठा बॉल देणाऱ्या कोचचं लायसन्स जरूर बघायला मागा.

चौदाच्या आसपास निर्णय घेताना चार गोष्टी तपासा. सामन्यात मिनिटं किती मिळणार, कारण बाकावर बसून एलिट होता येत नाही. वॉर्मअपला पंधरा-वीस मिनिटं तोल, एका पायावरच्या उड्या, नीट पडण्याचे व्यायाम होतात का. फिफाचा ‘इलेव्हन प्लस किड्स’ हा वॉर्मअप तेरापर्यंतच्या मुलांना त्यासाठीच आहे, चौदापासून ‘इलेव्हन प्लस’. एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सीआरएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर मुलाची नोंदणी कोणत्या क्लबच्या नावाने होणार आणि सोडायचं झालं तर मोकळं कसं करणार. आणि प्रवास: विरारहून अंधेरी गाठून रात्री अकराला झोपणाऱ्या मुलाला सकाळी शाळेत आणि संध्याकाळी मैदानावर, दोन्हीकडे पेंग येते. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते.

फीबद्दलही एक. खरोखरच्या वरच्या दर्जाच्या जागा बहुधा पैसे घेत नाहीत, देतात. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून चालते, नवी मुंबईची रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स पूर्ण शिष्यवृत्तीवर. बाकी ठिकाणी फी महिन्याची किंवा तिमाही भरा, परताव्याचा नियम लेखी घ्या, आधी दोन आठवडे नुसतं खेळू द्या. ‘आजच भरा, जागा संपतायत’ म्हणणाऱ्याला पुढच्या महिन्यात फोन करून बघा, जागा असते.