‘फरक आम्ही भरू ना!’ : खोलीभाड्याबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. पहिला: मेडिक्लेममधली खोलीभाड्याची मर्यादा (कंपनी रोज जास्तीत जास्त किती भाडं देते) बघा असं सांगून आमच्या लेखाने लोकांना उगाच घाबरवलं. तुमच्या मते मर्यादा पाच हजार आणि खोली आठ हजारांची असेल, तर रोजचे तीन हजार खिशातून घालायचे, विषय संपला. दुसरा: औषधांच्या बिलालाही कात्री लागते, हे लेखातलं वाक्य चूक आहे.

दुसरा आक्षेप मान्य. विमा नियामकाच्या २०२० च्या नियमांनुसार औषधं, कन्झ्युमेबल्स (सिरिंज, हातमोजे यांसारख्या वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट (शरीरात बसवायची उपकरणं) आणि तपासण्यांवर प्रमाणात कपात, म्हणजे खोली मर्यादेपेक्षा महाग म्हणून त्याच प्रमाणात बिल कमी करणं, करता येत नाही. आयसीयूच्या आकारावरही नाही. लेखातलं वाक्य दुरुस्त केलं आहे.

पहिल्याचं मात्र तसं नाही. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिट हे सगळं खोलीच्या दर्जाप्रमाणे चढतं. म्हणून कंपनी फक्त भाड्यातला फरक कापून थांबत नाही. या खर्चांनाही मर्यादा आणि प्रत्यक्ष भाडं यांचं प्रमाण लावते. हिशोबच मांडू. विमा ५ लाखांचा, मर्यादा विम्याच्या रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोज ५,००० रुपये. खोली ८,००० ची, मुक्काम ४ दिवस. खोलीचे ३२,०००, सर्जन-थिएटर-व्हिजिट वगैरे १,२०,०००, औषधं आणि तपासण्या ५८,०००. एकूण २,१०,०००. तुमच्या हिशोबाने खिशातून १२,००० जातील. प्रत्यक्षात १,२०,००० पैकी पाच-अष्टमांशच, म्हणजे ७५,००० मंजूर होतात. वरचे ४५,००० तुमचे. भाड्यातले १२,००० धरून ५७,००० झाले, आणि रजिस्ट्रेशन फी, अ‍ॅडमिशन किट असल्या न मिळणाऱ्या बाबी अजून मोजल्याच नाहीत.

यातही एक खाच आहे. कित्येक पॉलिसींत मर्यादा ‘रूम, बोर्डिंग आणि नर्सिंग’ मिळून असते. खोली ४,५०० ची म्हणून निर्धास्त राहावं, तर नर्सिंगचे ९०० धरून ५,४०० होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. काउंटरवर नुसतं ‘खोलीचा रेट काय’ विचारून हे कळत नाही.

‘पेशंट कळवळत असताना हे कोण विचारणार?’ असंही तुम्ही लिहिलंय. पेशंट नाही, सोबत आलेला माणूस विचारणार. टीपीए डेस्कवर (रुग्णालयात विम्याचे दावे हाताळणारा कक्ष) प्रश्न दोनच: नर्सिंग धरून रोजचा आकार किती, आणि सर्जनची फी खोलीप्रमाणे बदलते का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर ते लेखी घ्या, कारण खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयात ही कपात लागूच होत नाही. मर्यादेतली खोली रिकामी नसेल तर तेही लिहून घ्या आणि ती मिळताच हलवायला सांगा. कंपनी ऐकेलच असं नाही, पण नंतर भांडायला कागद लागतो.

डिस्चार्जच्या दिवशी विमा कंपनीच्या अंतिम मंजुरीपत्राची प्रत मागा. नुसता ‘एवढे भरा’ हा आकडा घेऊन पैसे भरू नका. औषधं किंवा तपासण्यांसमोर ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ (प्रमाणात कपात) दिसलं, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, आणि तक्रारीला फी लागत नाही.