सीबीसीतल्या भागाकाराने त्वचेचा कॅन्सर कळत नाही

गेल्या काही आठवड्यांत एकच मेसेज मला दहाबारा जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टमधल्या न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाइटच्या आकड्याने भागा (दोन्ही रक्तातल्या पांढऱ्या पेशी). उत्तर ३ च्या वर आलं तर त्वचेचा कॅन्सर आहे, खाली आलं तर नाही. परदेशात हे सिद्ध झालंय. तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) काढू देऊ नका, हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो. गुळवेलीचा काढा घ्या, आकडा खाली येईल.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रक्ताच्या स्लाइड आणि कातडीचे तुकडे, दोन्ही रोज माझ्या मायक्रोस्कोपखाली येतात. या मेसेजमध्ये खऱ्याचा एक कण आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीचं सगळं लोकांच्या गळी उतरतंय. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, ३ च्या वर म्हणजे कॅन्सर. गेल्या महिन्यात एक शिक्षिका वडिलांचा रिपोर्ट घेऊन आली. न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फोसाइट ११. भागाकार ७.६. बाईंचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. वडिलांना दमा आहे आणि चारच दिवसांपूर्वी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. स्टेरॉइड पोटात गेलं की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट रक्तातून कमी होतात. गोळ्या थांबल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं. ६१ आणि ३०, म्हणजे भागाकार २. न्यूमोनिया, गळू, ऑपरेशन, अपघात, गरोदरपण, सिगारेट, यातल्या कशानेही हा आकडा चढतो. न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम काही तास टिकतो. इतक्या अल्पायुषी पेशीच्या मोजणीवर कॅन्सरचं निदान कसं उभं राहणार?

आता उलट बाजू. त्याच सुमारास एका शेतकरी काकांच्या टाचेवरचा तुकडा माझ्याकडे आला. दीड वर्ष ते त्याला भोवरी समजत होते. काळा, वेड्यावाकड्या कडांचा डाग, मधे फुटलेला. त्यांची सीबीसी अगदी साधी होती: ५८ आणि ३१, भागाकार १.९. मेसेजच्या हिशेबाने हा माणूस ठणठणीत. मायक्रोस्कोपखाली मात्र मेलानोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, खोली साडेचार मिलिमीटर. घाबरलेल्या माणसाला निदान पुढच्या तपासण्यांत तरी दिलासा मिळतो. आकडा बघून निर्धास्त झालेला माणूस दुखणं अंगावर काढतो, त्याची भीती मला जास्त वाटते.

भारतात मेलानोमा वर्षाला लाखात एकालाही होत नाही. समजा, एक लाख निरोगी दिसणाऱ्या लोकांचं रक्त काढलं आणि त्यातल्या फक्त पाच टक्क्यांचा भागाकार सर्दीतापामुळे ३ च्या वर गेला, तर पाच हजार घरांत रडारड होईल. आणि जो एखादा खरा रुग्ण असेल त्याचा आकडा, रोग लहान असताना, बहुधा नॉर्मलच येईल.

शिवाय ‘त्वचेचा कॅन्सर’ हा काही एकच रोग नाही. बेसल सेल प्रकार सहसा जागा सोडत नाही. स्क्वेमस प्रकार जुन्या भाजल्याच्या वणातून उठू शकतो. आपल्याकडे तर धोतराच्या आणि परकराच्या नाडीच्या काचाने कमरेवर होणारा कॅन्सरही आहे. डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच धोतराच्या कॅन्सरचं वर्णन करून ठेवलं आहे. त्या कमरेच्या जखमेकडे कुठलीही सीबीसी बोट दाखवत नाही.

दुसरा मुद्दा, परदेशात सिद्ध झालंय. खऱ्याचा कण आहे तो इथेच. २०१४ मध्ये १०० अभ्यास एकत्र करून ४० हजारांवर रुग्णांची माहिती तपासली गेली. हा भागाकार चढा असलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे १.८ पट दिसला. पण ते सगळे आधीच कॅन्सर ठरलेले रुग्ण होते. कुणाला कॅन्सर आहे हा तिथे प्रश्नच नव्हता, पुढे काय होईल हा होता. त्याला आम्ही भाकीत म्हणतो. निदान ही वेगळी गोष्ट.

मेलानोमाचं म्हणाल तर २०१६ मध्ये इटलीतल्या ७२० रुग्णांचा अभ्यास आला. रोग शरीरात पसरलेला होता आणि इपिलिम्युमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध चालू होतं. उपचाराआधी न्यूट्रोफिल जास्त असलेले कमी जगले. तिथे मर्यादा ३ चीच होती, पण भागाकार वेगळा होता: न्यूट्रोफिल भागिले उरलेल्या सगळ्या पांढऱ्या पेशी. इतर अभ्यासांत ४ किंवा ५ ही मर्यादा धरलेली दिसते. त्याच वर्षी पेंब्रोलिझुमॅब हे दुसरं इम्युनोथेरपीचं औषध घेणाऱ्या ६१६ मेलानोमाच्या रुग्णांत लिम्फोसाइट १७.५ टक्के किंवा जास्त आणि इओसिनोफिल (आणखी एक पांढरी पेशी) १.५ टक्के किंवा जास्त असलेले अधिक जगले.

याचं कारण मला फार मोलाचं वाटतं. गाठ इंटरल्यूकिन-६ सारखी रसायनं सोडते, अस्थिमज्जा भराभर न्यूट्रोफिल बनवायला लागते आणि त्यातले काही गाठीभोवतीची प्रतिकारशक्ती दाबून टाकतात. ही नवी औषधं स्वतः गाठ मारत नाहीत, लिम्फोसाइटांतल्या टी पेशींवरचा ब्रेक सोडतात. लढणाऱ्या पेशीच कमी असतील तर ब्रेक सोडून किती उपयोग होणार, असा तो तर्क. तरीही हे आकडे समूहाचे आहेत, एकेका रुग्णाचे नाहीत. चढा भागाकार असलेले कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षं जगतात, म्हणून केवळ या आकड्यावरून कुणाचं औषध नाकारणं बरोबर नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या मेलानोमाच्या टप्पे ठरवण्याच्या पद्धतीत (आठवी आवृत्ती, २०१८ पासून) रक्तातली एकच गोष्ट घेतली आहे, ती म्हणजे एलडीएच हे एन्झाइम, आणि तीही रोग दूर पसरल्यावरच. पेशींचा भागाकार त्यात नाही.

तिसरा मुद्दा, हत्यार लागलं की पसरतो. या एका समजुतीने किती माणसं उशिरा पोचतात ते मी बघते आहे. संशयास्पद डाग शक्यतो कडेच्या एकदोन मिलिमीटर चांगल्या कातडीसकट अख्खा काढतात. मग आम्ही त्याची खोली मोजतो. ही मोजणी अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मांडली आणि अजून तिच्यावरच पुढचं सगळं ठरतं: कातडी किती रुंद काढायची, जांघेतली किंवा काखेतली लसिका ग्रंथी तपासायची का. १ मिलिमीटरच्या आतला मेलानोमा बहुतेक वेळा तेवढ्या ऑपरेशनवर निभावतो. ४ च्या पुढे गेला की गणित बदलतं. तुकडा काढल्याशिवाय ही खोली मोजताच येत नाही. तुकडा काढल्याने आयुष्य घटतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. घात होतो तो चुना लावून, अ‍ॅसिडने जाळून किंवा ब्लेडने घरीच कापून. तसं केलं की मोजायला काही उरत नाही आणि मुळाशी रोग तसाच वाढत राहतो.

गुळवेलीबद्दल. काढ्याने समजा आकडा खाली आला, तरी टाचेवरचा डाग जागचा हलत नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद मी इथे सोडवत नाही. पण इम्युनोथेरपीच्या औषधांनीही यकृताला सूज येऊ शकते. रुग्ण गुपचूप काढा घेत असेल तर सूज कशाने आली हे डॉक्टरांना कळणार नाही, आणि गरजेचं औषध थांबवावं लागेल.

तेव्हा पायातले बूट-चपला काढा आणि तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखं उजेडात बघा. आपल्याकडे मेलानोमा बऱ्याचदा तिथेच उगवतो. नखात खालपासून वरपर्यंत गेलेली, रुंद होत चाललेली काळी रेघ, आकार बदलणारा डाग, महिनाभरात न भरणारी जखम दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आणि स्टेरॉइड चालू असेल तर रक्त देतानाच लॅबमध्ये सांगा, आम्ही रिपोर्टवर तशी नोंद करतो.